मॅकडॉवेल काउंटी, वेस्ट व्हर्जिनिया : कोळसा निघाला, माणसं गेली, पैसा तर आधीच गेला होता

आकडेमोड

अमेरिकेतल्या गरिबीचा विषय इथे निघाला की चर्चा शिकागो, डेट्रॉइट, सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर जाऊन थांबते. खेड्यापाड्यांची अमेरिका त्यात फारशी येतच नाही. माझं रोजचं काम जनगणनेच्या तक्त्यांचं आहे. त्यातली एक काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) अशी की तिचा तक्ता समोर आला की हातातलं काम बाजूला ठेवून वाचत बसावंसं वाटतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या अगदी दक्षिण टोकाची मॅकडॉवेल. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी नुसती लोकसंख्या बघा. १८८० : ३,०७४. १९०० : १८,७४७. १९२० : ६८,५७१. १९५० : ९८,८८७. इथे शिखर. मग १९६० : ७१,३५९. १९७० : ५०,६६६. १९८० : ४९,८९९. १९९० : ३५,२३३. २०१० : २२,११३. २०२० : १९,१११.

सत्तर वर्षांत पाचातली चार माणसं कमी झाली. युद्ध नाही, दुष्काळ नाही, धरणाखाली गाव गेलं असंही नाही.

सुरुवात कोळशाने झाली. पोकाहोंटस नंबर ३ नावाचा थर या डोंगरांखालून जातो. गंधक कमी, धूर कमी, आणि पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक त्याचा उत्तम होतो. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे १८८० च्या दशकात या भागात शिरली आणि १८९२ मध्ये तिची लाइन पार ओहायोपर्यंत पोचली. रेल्वेमागून माणसं आली : व्हर्जिनिया, कॅरोलिना, अलाबामातून कृष्णवर्णीय मजूर, हंगेरी, इटली, पोलंडमधून स्थलांतरित. दरीच्या तळाला ओढा, ओढ्याला लागून रूळ, रुळाला लागून कंपनीच्या घरांची एक रांग, आणि मग सरळ वर चढत जाणारा डोंगर. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. पगाराचा काही भाग स्क्रिपमध्ये, म्हणजे कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या टोकनांमध्ये.

आता ज्यासाठी हा धागा काढला तो मुद्दा. रेल्वे यायच्या सुमारालाच बाहेरच्या भांडवलदारांनी इथली जमीन, किंवा जमीन नाही तर तिच्याखालचे खनिजहक्क, विकत घेऊन ठेवले होते. डोंगरउतारावर मका लावणाऱ्या, डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांना एकरामागे किरकोळ पैसे मिळाले. १९०१ मध्ये खुद्द रेल्वेनेच दोन राज्यांत मिळून सुमारे तीन लाख एकर जमीन असलेली कंपनी ताब्यात घेतली. त्यातली ५० हजार एकर यू. एस. स्टीलने भाडेपट्ट्याने घेतली आणि कंपनीचे चेअरमन एल्बर्ट गॅरी यांच्या नावाने गॅरी हे गाव वसवलं. जमीन फिलाडेल्फियाच्या भांडवलाची, खाण न्यूयॉर्क-पिट्सबर्गच्या कंपनीची, फुप्फुसं मॅकडॉवेलची.

मॅकडॉवेलमध्ये काही पिकलं नाही म्हणून ती गरीब आहे, हे मला मान्य नाही. अमेरिकेच्या पोलादाच्या निम्म्या इतिहासात तिथला कोळसा आहे. पण त्या कोळशाच्या पैशातून तिथे पुरेसे रस्ते झाले नाहीत, टिकाऊ पाणीपुरवठा झाला नाही, दुसरा एखादा धंदा उभा राहिला नाही. उत्पन्न आणि उत्पादन या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात हे बघायचं असेल तर ही काउंटी बघावी.

आजची स्थिती : घरामागे मध्यम वार्षिक उत्पन्न २८ हजार डॉलरच्या आसपास, २०१८-२२ च्या सर्वेक्षणात देशाचा आकडा ७५ हजारांचा होता. साधारण तीनातला एक माणूस दारिद्र्यरेषेखाली. सोळा वर्षांवरच्या लोकांमध्ये काम करणारे किंवा काम शोधणारे तीनात जेमतेम एक. जन्मापेक्षा मृत्यू जास्त. आणि तरीही तीन-चतुर्थांशाहून जास्त कुटुंबं स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. या शेवटच्या आकड्यावर पुढे बोलूच.

---

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. एक शंका. कोळसा संपला म्हणून लोक गेले ना? की पर्यावरणाच्या कायद्यांनी खाणी बंद पडल्या? इथे आयोवात ऑफिसमध्ये दुसरी गोष्ट ठामपणे सांगणारे बरेच भेटतात.

---

आकडेमोड

@पाटीपेन्सिल, तारखा लावून बघा. सगळ्यात मोठी घसरण १९५० ते १९७० मधली आहे, ९८ हजारांवरून ५० हजारांवर. हवेच्या शुद्धतेचा मोठा कायदा आला १९७० मध्ये. म्हणजे कायदा यायच्या आधीच निम्मी काउंटी रिकामी झाली होती.

माणसं यंत्राने घालवली. १९५० मध्ये खाणकामगार युनियनचे जॉन एल. लुईस आणि खाणमालक यांच्यात करार झाला. युनियनने यांत्रिकीकरणाला हरकत घ्यायची नाही. त्या बदल्यात चांगला पगार आणि टनामागे ठरावीक रक्कम युनियनच्या आरोग्य व पेन्शन निधीत. मग कंटिन्युअस मायनर आलं. थराला भिडलेलं दातेरी फिरतं पिंप आणि मागे सरकपट्टा; हाताने कोळसा भरणाऱ्या टोळीचं काम त्याने संपवलं. देशभरातले खाणकामगार १९५० मध्ये चार लाखांवर होते, १९६० मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास उरले. ज्यांची नोकरी राहिली त्यांचे दिवस खरंच बरे आले. बाकीचे सामान गाडीवर बांधून ओहायो, मिशिगनच्या कारखान्यांकडे निघाले.

१९७० ते ८० मध्ये आकडा जवळपास स्थिर दिसतो तो तेलसंकटामुळे. कोळशाला पुन्हा भाव आला. मग अमेरिकन पोलादधंदाच बसला आणि १९८६ मध्ये यू. एस. स्टीलने गॅरीच्या खाणी बंद केल्या. तो दुसरा घाव. कोळसा मात्र आजही निघतो. तो संपलेला नाही.

---

रुळावरून

सुंदर धागा. मी रोअनोकला राहतो, रेल्वेच्या मालवाहतुकीशी संबंधित काम करतो, त्यामुळे थोडी भर घालतो.

तो कोळसा आजही त्याच लाइनने येतो. नॉरफोक अँड वेस्टर्नची आता नॉरफोक सदर्न झाली आहे, पण मार्ग तोच : मॅकडॉवेलमधून ब्लूफील्ड, रोअनोक आणि पुढे समुद्रावर नॉरफोकचा लॅम्बर्ट्स पॉइंट धक्का. तिथे वाघिणी उलट्या करून कोळसा थेट जहाजात. बराचसा कोकिंग कोळसा. आणि अमेरिकन कोळशाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांमध्ये गेली काही वर्षं भारत आहे. आपल्याकडे कोकिंग कोळसा कमी, राखेचं प्रमाण जास्त, त्यामुळे पोलाद कारखान्यांना तो बाहेरूनच आणावा लागतो. तेव्हा या धाग्यातली काउंटी वाटते तितकी लांबची नाही.

एल्कहॉर्नचा चढ रेल्वेवाल्यांत प्रसिद्ध आहे. इतका अवघड की १९१५ मध्ये तेवढ्या तुकड्यावर विजेची इंजिनं आणली होती. १९५० मध्ये नवा बोगदा झाला, चढ कमी झाला आणि विजेची गरज संपली. २०१० मध्ये याच मार्गावरचे बोगदे उंच केले, एकावर एक दोन कंटेनर ठेवलेल्या गाड्या नॉरफोकहून ओहायोकडे जाव्यात म्हणून. कामाला कोट्यवधी डॉलर लागले. त्या गाड्या मॅकडॉवेलचं मुख्य गाव वेल्च, त्याच्या मधोमध जातात. थांबत नाहीत, तिथे उतरवायला आणि चढवायला काही नाही. धागाकर्तीचा मुद्दा मला रोज रुळावर दिसतो.

---

वर्धेकाठचा

ताई, मी वणीचा. वडील वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणीत होते. वाचताना सारखं आमचंच वाटत राहिलं, पण एक फरक विचारतो. आमच्याकडे जमीन गेली तरी कंपनी सरकारी, नोकरी दिली, आणि २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. रॉयल्टीवर ठरावीक टक्के रक्कम त्याच जिल्ह्यात खर्च करायची असा कायदा आहे. खर्च कुठे होतो यावर भांडणं आहेत, पण भांडायला निधी तर आहे. तिकडे असं काहीच नव्हतं का?

---

आकडेमोड

@वर्धेकाठचा, नेमका प्रश्न. वेस्ट व्हर्जिनियात सेव्हरन्स टॅक्स आहे, म्हणजे जमिनीतून खनिज काढलं की लागणारा कर. पोलादाला लागणाऱ्या कोळशावर तो साधारणपणे विक्रीमूल्याच्या ५ टक्के. पण त्यातला बहुतेक भाग राज्याच्या तिजोरीत जातो. स्थानिक संस्थांसाठीचा मूळ वाटा आहे ०.३५ टक्के. त्याचा तीन-चतुर्थांश कोळसा काढणाऱ्या काउंट्यांना, उरलेला सगळ्या राज्यात वाटून. म्हणजे शंभर डॉलरचा कोळसा गेला की या वाट्यातून खाणीच्या काउंट्यांना मिळून सव्वीस सेंट.

आणि हा पैसा कोळशाच्या भावाबरोबर वरखाली होतो. ज्या वर्षी खाण बंद, त्याच वर्षी कर बंद आणि त्याच वर्षी मदतीची गरज सगळ्यात जास्त.

शिवाय मालमत्ता कर. अमेरिकेत शाळा, शेरीफ, रस्त्यावरचे दिवे यांचा बराच भार काउंटीच्या मालमत्ता करावर असतो. जमीन मोठ्या कंपन्यांची आणि खनिजहक्कांचं मूल्यांकन कित्येक दशकं अगदी कमी. १९८१ मध्ये अ‍ॅपलाचिया या पूर्वेकडच्या डोंगराळ पट्ट्यातल्या जमीनमालकीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गावोगावच्या सामान्य लोकांनी कोर्टकचेऱ्यांतल्या नोंदवह्या स्वतः उलगडून तो केला होता. जमीन आणि खनिजं बाहेरच्यांच्या हातात, आणि कर मात्र नाममात्र, हे त्यात पानोपानी आलं. मला त्या अभ्यासाबद्दल फार आदर आहे. ज्यांची जमीन गेली त्यांनीच हिशेब मांडला.

---

थर्मामीटर

मी दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात डॉक्टर आहे, मॅकडॉवेलच्या शेजारच्या काउंटीत. इथले कित्येक भारतीय डॉक्टर जसे आले तशीच मीही आले : रेसिडेन्सी संपल्यावर मायदेशी परतायची अट माफ होण्यासाठी डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम. तीन वर्षं संपल्यावर बरेच जण शहराकडे जातात. मी राहिले. मॅकडॉवेलचे पेशंट रोज येतात.

आकडा सांगायचा तर २०१० चा आयुर्मानाचा अभ्यास आहे. मॅकडॉवेलमधल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४. त्याच वर्षी वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत ८२. मध्ये गाडीने साधारण सहा तासांचं अंतर.

ब्लॅक लंगचा, म्हणजे खाणीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेला पेशंट दारातून आत येतानाच ओळखू येतो. खुर्चीवर पुढे झुकून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून बसतो, खांदे वर ओढलेले. चार शब्द बोलतो, थांबतो, श्वास घेतो, पुढचे चार शब्द. ऑक्सिजनची नळी कानामागून नाकात. आणि विचारलं तर पहिलं उत्तर, मी ठीक आहे. बायको किंवा मुलगी शेजारी उभी असते, ती मान हलवते.

हा म्हातारपणाचा, जुन्या काळचा आजार आहे असं मलाही शिकवलं होतं. तसं राहिलेलं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मध्य अ‍ॅपलाचियात २५ वर्षं किंवा जास्त काम केलेल्या खाणकामगारांत पाचातल्या एकाला ब्लॅक लंग आहे. कारण जाड थर केव्हाच काढून झाले. आता पातळ थर कापताना यंत्र वरखालचा खडकही कापतं. त्या खडकात सिलिका असते आणि सिलिका कोळशाच्या धुळीपेक्षा फुप्फुसाला कितीतरी वाईट. म्हणून तिशी-चाळिशीतले तरुण येतात. फुप्फुस बदलण्याच्या यादीत नाव घालावं लागतं अशा अवस्थेत.

वरती कामात असलेले तीनात एक असं वाचून कोणी लोकांना आळशी म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. पंचेचाळिशीत ज्याला जिना चढवत नाही त्याला तक्त्यात 'कामगारवर्गाबाहेर' असं लिहितात.

---

अर्धविराम

डॉक्टर, प्रतिसाद फार भिडला. गोळ्यांच्या व्यसनाबद्दलही लिहाल का? वेस्ट व्हर्जिनिया म्हटलं की तेच ऐकलेलं आहे.

---

थर्मामीटर

@अर्धविराम, थोडक्यात लिहिते, कारण या विषयावर बोलताना मला त्रास होतो.

खाणीत पाठ, गुडघे, खांदे जातात. कमी उंचीच्या थरात माणूस आठ तास वाकून किंवा गुडघ्यांवर असतो. दुखणं खरं होतं. त्या खऱ्या दुखण्यावर कंपन्यांनी व्यसन लागत नाही असं सांगत गोळ्या विकल्या. २००७ ते २०१२ या सहा वर्षांत या राज्यात घाऊक वितरकांनी हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोन या वेदनाशामकांच्या ७८ कोटी गोळ्या पाठवल्या. राज्याची लोकसंख्या १८ लाख. माणशी, तान्ही बाळं धरून, चारशेच्या वर. हे एका स्थानिक वर्तमानपत्राने कोर्टात लढून बाहेर काढलं. गोळ्या आवळल्या तेव्हा हेरॉइन आलं, मग फेंटानिल.

परिणाम मुलांवर. लसीकरणाला मूल घेऊन येणारी आजीच असते. मधली पिढी वारलेली, तुरुंगात, किंवा उपचारात. सत्तरीची बाई तीन वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसते आणि मला स्वतःची शुगर सांगायची राहूनच जाते.

---

पाटीपेन्सिल

मग उरलेले लोक निघून का जात नाहीत? खरंच समजून घ्यायचं आहे, टोमणा नाही.

---

आकडेमोड

निघून गेलेच की. पाचातले चार. आपण बोलतोय ते उरलेल्या एकाबद्दल.

मालकीच्या घरांचा आकडा इथे कामाला येतो. तीन-चतुर्थांशाहून जास्त लोकांचं स्वतःचं घर, बहुतेक कर्जमुक्त. पण घराची मध्यम किंमत ४० हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ते विकून शार्लटसारख्या मोठ्या शहरात भाडंही फार दिवस भागणार नाही. आणि विकत घेणार कोण? मालकीचं घर ही दुसरीकडे संपत्ती असते. इथे ते माणसाला जागेवर धरून ठेवतं. पेन्शन, अपंगत्वाची मदत, ब्लॅक लंगची भरपाई यांत इथे भागतं, शहरात भागणार नाही. नातवंडं सांभाळायची आहेत. चर्च आहे, शेजारी आहेत, वर डोंगरावर आईवडिलांची थडगी आहेत.

शिवाय काउंटीच्या एकूण उत्पन्नात सरकारी हस्तांतरणाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. हे वाचताना सावध राहा. त्या हिशेबात मेडिकेअर आणि मेडिकेड या वृद्धांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यांचा खर्चही व्यक्तीच्या उत्पन्नात धरतात. तो पैसा माणसाच्या हातात येत नाही, इस्पितळाला जातो. म्हातारी आणि आजारी माणसं जास्त असली की हा आकडा आपोआप फुगतो.

अमेरिकेतल्या आताच्या फूड स्टॅम्प योजनेची, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची, सुरुवात इथलीच आहे. १९६० च्या प्रचारात केनेडी या काउंटीत फिरले, जे पाहिलं ते विसरले नाहीत. २९ मे १९६१ रोजी वेल्चमध्ये शेतीमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांच्या हस्ते पंधरा माणसांच्या एका कुटुंबाला ९५ डॉलरचे स्टॅम्प मिळाले. त्या बेकार खाणकामगाराने त्यातून पहिली वस्तू घेतली ती पोर्क अँड बीन्सचा डबा.

---

मधलीसुट्टी

सगळं वाचून काढलं. ही काउंटी पूर्णपणे गोऱ्यांची आहे का? अ‍ॅपलाचिया म्हटलं की तसंच चित्र डोळ्यासमोर येतं.

---

आकडेमोड

@मधलीसुट्टी, ते चित्र मॅकडॉवेलवर फार अन्याय करतं. १९१० मध्ये इथल्या दहा माणसांपैकी तीन कृष्णवर्णीय होती. खाणीत टनाला मिळणारा दर गोऱ्याकाळ्याला एकच आणि मतदानाचा हक्क शाबूत. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत तेव्हा हे शक्य नव्हतं. शाळा मात्र वेगळ्याच होत्या, तेही सांगायला हवं. पण मतं असल्यामुळे त्यांना राजकारणात वजन होतं. किंबॉल गावात १९२८ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी स्मारक बांधलं, देशातलं त्या प्रकारचं पहिलं. १९९१ च्या आगीत ते जळालं, लोकांनी पुन्हा उभं केलं. त्याच १९२८ मध्ये कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची पतीच्या निधनानंतर राज्य विधिमंडळावर नेमणूक झाली. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

यंत्र आलं तेव्हा पहिली गदा हाताने कोळसा भरणाऱ्यांवर आली, आणि त्या कामावर कृष्णवर्णीय मजूर जास्त होते. आज त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे. हंगेरियन, इटालियन वस्त्याही अशाच विरल्या; आडनावं तेवढी उरली आहेत.

---

जुनीवही

इतिहासाची एक नोंद. वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर १ ऑगस्ट १९२१ रोजी सिड हॅटफिल्ड आणि एड चेंबर्स यांना गोळ्या घालून मारलं. हॅटफिल्ड शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवान गावचा पोलीसप्रमुख, खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिलेला. मारणारे खाणमालकांच्या खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सीचे. दोघे नि:शस्त्र होते, बायका बरोबर होत्या, भर दिवसा. कोणालाही शिक्षा झाली नाही. महिना संपायच्या आत हजारो खाणकामगार बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनकडे निघाले आणि शेवटी केंद्राला लष्कर पाठवावं लागलं. कामगारांच्या इतक्या मोठ्या सशस्त्र उठावाची अमेरिकेत दुसरी नोंद नाही.

राजकारणावरून प्रश्न येईलच म्हणून एवढंच : याच काउंटीने २००८ मध्ये ओबामांना बहुमत दिलं आणि २०१६ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मतं ट्रम्प यांना. तीच गावं, बरीचशी तीच माणसं. पुढची चर्चा राजकारणाच्या धाग्यावर करू.

---

रुळावरून

वॉलमार्टबद्दल कोणीच लिहिलं नाही. किंबॉलचं सुपरसेंटर २००५ ला उघडलं, जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जगभरातली २६९ दुकानं बंद केली त्यात गेलं. सुमारे १४० नोकऱ्या गेल्या. पण लोकांना त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. ताजी भाजी, औषधं, मुलांचे कपडे, आणि चार माणसं भेटायची तीच एक जागा होती. गावातली छोटी दुकानं आधीच मिटली होती. पुढे मोठ्या खरेदीला डोंगरातल्या वळणांवरून तास-तास गाडी चालवायची. तेव्हा काउंटीत चारपदरी रस्ता नव्हता.

---

वर्धेकाठचा

दुसरा धंदा का आला नाही? जागा तर भरपूर दिसते नकाशात.

---

आकडेमोड

नकाशात १,३८५ चौरस किलोमीटर दिसतं, पण सपाट जागा जवळपास नाहीच. जी आहे ती नदीकाठची, आणि टग फोर्क आणि तिचे ओढे चढले की तीच बुडते. जुलै २००१, मे २००२, आणि आता फेब्रुवारी २०२५. तिन्ही पुरांनी घरं, रस्ते, पाण्याच्या लाइनी नेल्या. कारखाना काढणारा सपाट जमीन, रुंद रस्ता आणि भरवशाचं पाणी मागतो. पाण्याचं तर विचारू नका. कंपन्यांनी शंभर वर्षांपूर्वी घातलेल्या नळयोजना गावांच्या गळ्यात पडल्या. कीस्टोन आणि नॉर्थफोर्कमध्ये पाणी उकळून प्या ही सूचना वर्षानुवर्षं लागू होती. अजूनही रस्त्याकडेला डोंगरातून किंवा जुन्या खाणीच्या तोंडातून निघालेल्या पाइपखाली लोक कॅन भरताना दिसतात.

आले ते तुरुंग. २०१० मध्ये वेल्चजवळ केंद्रीय तुरुंग उघडला. त्याचा जनगणनेवर गमतीदार वाटेल पण गंभीर परिणाम झाला. २०१० ला वेल्चची लोकसंख्या २,४०६, २०२० ला ३,५९०. काउंटी ओसरतेय आणि मुख्य गाव दीडपट कसं? कैदी. ते जिथे बंद असतात तिथलेच रहिवासी म्हणून मोजले जातात. काउंटीच्या १९,१११ मध्येही ते आहेत. खरी घसरण आकड्यापेक्षा जास्त आहे.

चांगलंही घडतंय. हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स या डोंगरवाटांवर एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, चालवायला बाहेरून लोक येतात. गावांनी त्या गाड्यांना मुख्य रस्त्यावर परवानगी दिली, पडीक घरांच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने जाऊ लागल्या. शिक्षक टिकत नव्हते कारण राहायला धड जागा नाही; शिक्षकांच्या राष्ट्रीय युनियनने पुढाकार घेऊन वेल्चमध्ये त्यांच्यासाठी अपार्टमेंटची इमारत उभी केली. २००१ मध्ये राज्याने ताब्यात घेतलेल्या शाळा २०१३ मध्ये काउंटीला परत मिळाल्या. याने एक लाख लोक परत येणार नाहीत. पण राहिलेल्या १९ हजारांना नळाला पाणी आणि पोरांना शिक्षक मिळणं हा त्यांचा हक्क आहे, आणि तो देणं या देशाला अजिबात जड नाही. शंभर वर्षं त्यांनी देशाला कोळसा दिला आहे.

---

पाटीपेन्सिल

आता मी राहते त्या काउंटीचे आकडे काढून बघावेसे वाटतायत. सुरुवात कुठून करू? आमच्याकडे मांस कारखाना आहे, लोकसंख्या वाढते आहे असं ऐकते.

---

आकडेमोड

@पाटीपेन्सिल, आधी दर दहा वर्षांची जनगणना १९०० पासून एका कागदावर उतरवा आणि शिखर कोणत्या साली ते बघा. मग 'ग्रुप क्वार्टर्स'चा तक्ता, म्हणजे तुरुंग, वसतिगृह, वृद्धाश्रम किती ते कळेल. उत्पन्नासाठी पाच वर्षांचं सर्वेक्षण वापरा आणि शेजारचा 'मार्जिन ऑफ एरर'चा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा, रकाना वगळू नका. छोट्या काउंटीत तो इतका मोठा असतो की दोन वर्षांतला फरक बऱ्याचदा फरकच नसतो. वयोगट बघा : वीस ते चाळीसमध्ये गळती लागलीय की भर पडली आहे. मांस कारखान्याच्या गावात भर दिसेल, आणि ती कुठल्या देशांतून आली हे भाषेच्या तक्त्यात. शेवटी काउंटीच्या कर आकारणी कार्यालयात सगळ्यात मोठे जमीनमालक कोण ते शोधा. बऱ्याच ठिकाणी हे ऑनलाइन असतं.

काउंटीचं नाव इथे टाका, दोघी मिळून बघू. @वर्धेकाठचा, वणी तालुक्याचे १९६१ पासूनचे आकडे तुमच्याकडे असतील तर तेही द्या, त्याचा वेगळा धागा काढू.